ओरखडा एक, अर्थ तीन

गेल्या ज्येष्ठांतील गोष्ट. रात्रीचीं पानें मांडलीं होतीं आणि घरची सारी मंडळी जेवावयास बसली होती. कृषिमहाविद्यालयांत शिकणारा माझा पुतण्या सहज म्हणाला, "काका, तुमच्या बहाव्याच्या बियांना स्कॅरिफिकेशन केल्याशिवाय त्या उगवणार नाहींत." हें ऐकून परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करीत असलेली माझी भाची हंसूं लागली. ती म्हणाली, "कांहींतरीच काय बोलतोस? स्कॅरिफिकेशन म्हणजे कातडीवर बारीक चरे पाडणें. पूर्वीं देवी काढीत त्या याच रीतीनें. बियांचा त्याच्याशीं काय संबंध?" इतक्यांत माझी नात मध्येंच म्हणाली, "तुम्ही दोघेंहि चुकतां. आफ्रिकेंतले लोक अंगावर वणांची नक्षी काढून घेतात, तिला स्कॅरिफिकेशन म्हणतात. मीं फोटो पाहिले आहेत." वाद वाढत चालला, आमटी निवत चालली, आणि अखेर वहिनींनीं निकालासाठीं प्रकरण माझ्याकडे सोंपविलें. सारा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्याला शब्दाचा वाद म्हणजे पक्वान्नच! मीं निकाल दिला तो असा कीं, तिघांचेंहि म्हणणें बरोबर आहे; चूक एवढीच कीं, प्रत्येकाला आपलाच अर्थ तेवढा खरा वाटतो. त्या रात्रीं मुलांना जें तोंडीं सांगितलें, तेंच आज थोडें विस्तारानें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम शब्दाकडे पाहूं. इंग्रजींत 'स्कार' म्हणजे वण. तेव्हां 'स्कॅरिफिकेशन' हा त्याचाच वंशज असला पाहिजे, असें कोणासहि वाटेल. परंतु तसें नाहीं. 'स्कार' हा शब्द ग्रीक 'एस्खारा' यापासून आला. त्याचा मूळ अर्थ चूल. त्यावरून भाजलेल्या जागीं धरणारी खपली, आणि तिच्यावरून वण. 'स्कॅरिफिकेशन'चें कुळ निराळें आहे. ग्रीक भाषेंत 'स्कारिफोस' म्हणजे टोंकदार लेखणी. तिनें ओरखडून आकृति काढणें हा त्या शब्दाचा मूळ अर्थ, आणि तो लॅटिनच्या वाटेनें इंग्रजींत आला. आतां मौज पहा. आपल्या संस्कृतांतील 'लिख्' धातूचाहि मूळ अर्थ ओरखडणें हाच आहे. वेदांत त्याचें 'रिख्' असें जुनें रूप येतें, आणि रेखा व लेखा या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. सुश्रुतानें शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत छेद्य, भेद्य यांच्या पंक्तीला 'लेख्य' म्हणजे खरवडण्याचें कर्म बसविलें आहे. म्हणजे वैद्याचें लेखन आणि कारकुनाचें लेखन हीं एकाच धातूचीं लेंकरें. दोन्ही ठिकाणीं एक टोंकदार वस्तु, एक पृष्ठभाग आणि एक रेघ. ती रेघ कशासाठीं, एवढाच काय तो प्रश्न. आणि तोच खरा प्रश्न आहे.

आतां बियांविषयीं. आमच्या जुन्या घराच्या परसांत वडिलांनीं लावलेला एक बहावा होता. वैशाखांत तो फुलला म्हणजे रस्त्यानें जाणारा मनुष्य क्षणभर थांबे. वैद्यकांत ज्याला आरग्वध म्हणतात आणि कोशकार ज्याला राजवृक्ष म्हणून गौरवितात, तो हाच. चार वर्षांपूर्वीं एका वादळांत तो मुळासकट उन्मळून पडला. त्याच्या शेवटच्या दोन शेंगांतील बिया तेवढ्या मीं एका डब्यांत जपून ठेविल्या. हातभर लांबीची ती काळी शेंग फोडली म्हणजे आंत पातळ पडद्यांचे कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्यांत चिकट गरांत एक एक चपटी, तुळतुळीत, तपकिरी बी निजलेली असते. पहिल्या वर्षीं मीं चाळीस बिया कुंड्यांत पेरल्या आणि रोज पाणी घातलें. श्रावण उलटला तरी एकहि कोंब दिसला नाहीं. माती उकरून पाहिली, तों बिया जशाच्या तशा, जणूं आजच शेंगेंतून काढल्या आहेत! दुसऱ्या वर्षीं कोणीं तरी सांगितलें कीं, साल फोडावी लागते. मीं अडकित्ता घेऊन पंधरा-वीस बिया चांगल्या फोडल्या. त्या साऱ्या कुजल्या. डब्यांत आतां चोवीसच उरल्या होत्या. वडिलांच्या झाडाचा वंश माझ्या हातून बुडणार, ही टोंचणी मला रात्रंदिवस होती. म्हणूनच त्या रात्रीं पुतण्याचें बोलणें मीं इतकें कान देऊन ऐकलें.

त्याच्या सांगण्याचा मतलब असा. बहावा, बाभूळ, गोकर्ण, गुंज, सागरगोटा इत्यादि वनस्पतींच्या बियांचें कवच असें घट्ट असतें कीं त्यांतून पाणी आंत शिरत नाहीं. कवचांतील पेशी कुडाच्या काठ्यांप्रमाणें एकीला एक खेटून उभ्या असतात आणि त्यांवर मेणासारख्या द्रव्याचा लेप असतो. आंतील गर्भ जिवंत असतो, भुकेला असतो. परंतु दार बंद. हा निसर्गाचा आडमुठेपणा नव्हे, हा त्याचा शहाणपणा आहे. वळवाची एक फसवी सर आली आणि साऱ्या बिया एकदम रुजल्या, तर पुढच्या उन्हांत सारा वंश एका दमांत करपून जाईल. म्हणून त्याच झाडाच्या कांहीं बिया यंदा, कांहीं दोन वर्षांनीं, तर कांहीं दहा वर्षांनीं जाग्या होतात. मातींत घासून, उन्हांत तापून, पावसांत भिजून त्यांचें कवच हळूहळू झिजतें. बाभळीच्या शेंगा शेळ्यामेंढ्या आवडीनें खातात, आणि त्यांच्या पोटांतून बाहेर पडलेल्या बिया लवकर रुजतात. म्हणून बाभळीचें बियाणें शेळ्यांच्या वाड्यांतून वेंचण्याची जुनी रीत आहे. निसर्ग जें काम वर्षानुवर्षें करतो, तेंच माळी कानशीनें दोन मिनिटांत करतो. त्यालाच उद्यानशास्त्रांत स्कॅरिफिकेशन म्हणतात.

हें करावयाचें कसें, तें सांगतों. कारण पुष्कळ घरीं बागेची हौस असते. बी चिमटींत धरून कांचकागदावर किंवा कानशीवर एका बाजूस घासावी. बीज जेथें शेंगेला चिकटलेलें असतें तो डोळा सोडून द्यावा, कारण अंकुराचें मूळ त्या बाजूस असतें. त्याच्या उलट बाजूस घासावें. तपकिरी रंग जाऊन आंतला फिकट रंग जेमतेम दिसूं लागला कीं हात थांबवावा. मग बी रात्रभर पाण्यांत ठेवावी. सकाळीं जी फुगली असेल ती पेरावी. जी फुगली नसेल ती पुन्हां थोडी घासावी. सुबाभळीसारख्या बियांना उकळीच्या थोडें खालीं तापलेल्या पाण्यांत दोन-चार मिनिटें बुडवून हेंच साधतात. रोपवाटिकांतून तीव्र गंधकाम्ल वापरतात, पण तें घरीं कोणीं करूं नये. विलायतेंत हिरवळीच्या मुळांशीं साचलेलें शेवाळ आणि वाळलेलें गवत दांताळ्यानें ओरबाडून काढतात, त्यासहि हाच शब्द आहे. या कवचाचें सामर्थ्य केवढें, याचें एक उदाहरण देतों. चीनच्या ईशान्य भागांत एका सुकलेल्या सरोवराच्या तळांतून कमळाच्या जुन्या बिया निघाल्या. शास्त्रज्ञांनीं त्यांचें कवच कापून त्या भिजविल्या, तेव्हां त्या रुजल्या. त्यांतील एक बी सुमारें १३०० वर्षांची होती, असें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. तेरा शतकें दार लावून बसलेला जीव एका चऱ्यानें जागा झाला!

अडकित्त्यानें मीं जें केलें त्यांत चूक कोठें होती, हें आतां ध्यानांत येईल. दार उघडावयाचें होतें. मीं भिंतच पाडली.

आतां भाचीचा अर्थ. वैद्यकांत ओरखड्याचीं कामें दोन: आंतील कांहीं बाहेर काढणें आणि बाहेरील कांहीं आंत घालणें. पहिलें काम फार जुनें आहे. रक्त काढण्याचे शस्त्राचे दोन मार्ग सुश्रुत सांगतो: शीर वेधणें आणि 'प्रच्छान', म्हणजे कातडीवर पुष्कळ बारीक चरे पाडणें. हे चरे कसे असावेत, हें त्यानें फार नेमकें सांगितलें आहे. ते सरळ असावेत, एकमेकांत मिसळूं नयेत, बारीक व सारखे असावेत, फार खोल नसावेत आणि अगदीं वरवरहि नसावेत. हात चपळ असावा, आणि मर्म, शिरा, स्नायु व सांधे यांना धक्का लागूं नये. इतकेंच नव्हे, तर शिष्यानें रोग्याला हात लावण्यापूर्वीं लेख्यकर्माचा सराव ताणून बसविलेल्या केसाळ चामड्यावर करावा, असाहि नियम आहे. युरोपांत पुढें याच कामासाठीं पितळेची एक डबी निघाली. खटका दाबला कीं तिच्यांतून अनेक पातीं एकदम बाहेर येऊन चरे पाडीत, आणि वर तुंबडी लावून रक्त ओढून घेत. रक्त काढल्यानें बहुतेक रोगांत लाभ होत नाहीं, उलट अशक्तपणा येतो, हें एकोणिसाव्या शतकांत मोजमाप करून दिसून आलें आणि ती डबी हळूहळू अडगळींत गेली. हत्यार सुबक होतें, हात निष्णात होता. पण हेतूच चुकीचा असेल तर कौशल्य काय करील?

दुसरें काम मात्र मानवजातीवर उपकार करणारें ठरलें. देवीच्या रोग्याच्या फोडांतील द्रव्य घेऊन तें निरोगी मुलाच्या कातडीच्या चऱ्यांत लावावें, म्हणजे रोग सौम्य येऊन जातो आणि पुन्हां येत नाहीं, हें ज्ञान आशियांत जुनें होतें. बंगालमध्यें टीका देणारे ब्राह्मण गांवोगांव फिरत, आणि ते हातावरची जागा कापडानें चोळून, तेथें बारीक टोंचे पाडून, वर द्रव्य लाविलेला कापूस बांधीत, असें वर्णन हॉलवेल या इंग्रज वैद्यानें १७६७ सालीं लिहून ठेविलें आहे. परंतु यांत खरा देवीचा रोगच दिला जात असल्यामुळें क्वचित् मूल दगावे, आणि त्याच्यापासून इतरांना सांथ लागण्याचीहि भीति असे. १४ मे १७९६ रोजीं एडवर्ड जेन्नर यानें देवीऐवजीं गोस्तनदेवीची लस एका आठ वर्षांच्या मुलाच्या हातावरील दोन चऱ्यांत घातली आणि धोका बराच टळला. ही लस बगदाद, बसरा या मार्गानें मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती प्रथम टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत लस यशस्वी झालेलें हें पहिलें मूल. तिच्या हातावरच्या फोडांतून लस घेऊन इतर मुलांना टोंचलें आणि तेथून ती पुणें, सुरत, मद्रास येथें गेली. बर्फपेटी नव्हती त्या काळीं मुलांचे दंड हीच लशीची पेटी होती.

माझ्या डाव्या दंडावर दोन वाटोळे वण आहेत. मला देवी काढल्या त्या फिरकीच्या हत्यारानें. दांड्याच्या टोंकाला दांतेरी चकती असे. लशीचा थेंब ठेवून ती कातडीवर दाबून फिरवीत. मूल किंचाळे, जागा पिके आणि ताप येई. आमच्या आजीच्या तोंडावर देवीचे व्रण होते आणि तिचीं दोन भावंडें एकाच आठवड्यांत गेलीं होतीं. ती शीतळादेवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवी, परंतु देवी काढणारे गृहस्थ गांवांत आले कीं शेजारच्या बायका मुलें लपवीत असतां ही मला स्वतः कडेवर घेऊन पुढें होई. १९७० च्या सुमारास फिरकी जाऊन दुटोंकी सुई आली. तिच्या दोन टोंकांत लशीचा थेंब धरून राही, आणि पंधरा वेळां हलकेच टोंचलें कीं काम होई. रक्त वाहूं नये, केवळ टिपूस दिसावें, हाच नियम. कारण ही लस कातडींतच वाढते. भारतांतील देवीची शेवटची रोगी मे १९७५ मध्यें आढळली, १९७७ सालीं सोमालियांत निसर्गतः लागण झालेला जगांतील शेवटचा रोगी सांपडला, आणि ८ मे १९८० रोजीं देवी पृथ्वीवरून गेल्याचें जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनें जाहीर केलें. नातीनें त्या रात्रीं घरांतल्या सर्वांचे दंड तपासले. पन्नाशीच्या पलीकडील आम्हां सर्वांच्या दंडांवर देवीचे वण निघाले. तरुणांच्या दंडांवर एकेक लहान वण होता तो क्षयाच्या लशीचा. ती कातडींत सुईनें देतात, तिला हा शब्द लागत नाहीं. आमच्या दंडावर वण आहे म्हणून मुलांच्या दंडावर तो नाहीं, हें तिला सांगतांना मला आजीची आठवण झाली.

उरला नातीचा अर्थ. येथें ओरखड्यांतून कांहीं आंत जात नाहीं कीं बाहेर येत नाहीं. वण हाच हेतु. आपल्याकडील गोंदण याहून निराळें. गोंदणांत सुईनें कातडींत रंग घालतात, आणि तो गोऱ्या किंवा निमगोऱ्या अंगावर खुलतो. फार काळ्या कांतीवर तो दिसत नाहीं; म्हणून आफ्रिकेंत व पापुआ-न्यू-गिनींत कातडी चिरून, जखमेंत राख वगैरे चोळून वण उंच उठवितात. तो डोळ्यांना दिसतो आणि बोटांना लागतो.

दक्षिण सुदानमधील नुएर लोकांत मुलगा वयांत आला कीं त्याच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत सहा समांतर रेघा कापीत. इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञानें १९४० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत याचें वर्णन केलें आहे. त्या दिवसापासून मुलगा पुरुषांत गणला जाई आणि पुन्हां गाईची धार काढीत नसे, कारण तें काम बायकामुलांचें. पापुआ-न्यू-गिनींत सेपिक नदीकांठीं मुलांच्या छातीवर व पाठीवर शेंकडों चरे पाडतात. सुसरीनें गिळून पुन्हां बाहेर टाकलेला तो पुरुष, अशी त्यांची भावना. कापतेवेळीं मुलाला आधार देतो तो त्याचा मामा. आईकडून आलेलें रक्त वाहून गेल्यावर मुलगा पुरुष होतो, असें ते मानतात. मुंजींत आणि लग्नांत मामाला मान देणाऱ्या आम्हां लोकांना हें अगदींच परकें वाटूं नये. आणि या लोकांना रानटी म्हणण्यापूर्वीं आपल्या घरांतील तान्ह्या मुलांच्या कानांकडेहि पहावें. कर्णवेधाचे हेतु सुश्रुतानें दोनच सांगितले आहेत: रक्षा आणि भूषण. सेपिककांठचा मनुष्य याहून निराळें उत्तर देईल असें मला वाटत नाहीं.

तथापि एक भेद विसरतां येत नाहीं. कानाचें भोंक मोठेपणीं बुजूं देतां येतें. कपाळावरच्या रेघा पुसतां येत नाहींत. नुएरांच्या रेघा इतक्या खोल कीं, मृतांच्या कवटीवरहि त्यांच्या खुणा दिसतात. जी रेघ गणगोतांत मान देते, तीच शत्रूला ओळख पटविते. डिसेंबर २०१३ मध्यें जुबा शहरांत दंगल पेटली, तेव्हां अशा खुणांवरून नुएर पुरुष ओळखून मारले गेल्याच्या नोंदी आहेत. नायजेरियांत योरुबा लोक घराण्याच्या खुणा लहानपणींच गालांवर कापीत. युद्धांच्या व गुलामांच्या व्यापाराच्या काळांत हरवलेलें मनुष्य त्यांवरून आपल्या माणसांत परत येई. पण काळ बदलला, आणि त्याच खुणांमुळें शाळेंत मुलांना चिडवूं लागले. नायजेरियाच्या २००३ सालच्या बालहक्क कायद्यानें लहान मुलाच्या अंगावर गोंदणें किंवा चरे पाडणें हा गुन्हा ठरविला, आणि पुढें एकेका राज्यानें तो स्वीकारला. पाश्चात्य शहरांतील कांहीं सज्ञान स्त्रीपुरुष आज हौसेनें अशी नक्षी कापून घेतात. तो त्यांचा प्रश्न. परंतु अस्वच्छ पात्यानें कावीळ, एड्स यांसारखे रोग होतात आणि कित्येकांच्या अंगावर वण बेसुमार फोफावतो, हें त्यांनींहि जाणून असावें.

नातीनें विचारलें, "आजोबा, मग तुम्हांला देवी काढल्या तेव्हां तुम्हांला तरी कोणी विचारलें होतें का?" प्रश्न बिनतोड होता. मला कोणीं विचारलें नाहीं. आजीनें धरलें आणि मी ओरडलों. परंतु त्या चऱ्यानें माझा जीव राखला, आणि मोठेपणीं माझ्यावर कोणता शिक्का असावा हें त्यानें ठरविलें नाहीं. मुलाच्या वतीनें वडीलधाऱ्यांनीं निर्णय घ्यावा तो त्याचें रक्षण करण्यापुरता. आपली ओळख त्याच्या अंगावर कायमची कोरण्याचा अधिकार त्यांना नाहीं. मूल मोठें होऊन स्वतःच्या बुद्धीनें ती कोरून घेईल तर गोष्ट निराळी. मास्तर म्हणून मीहि मुलांवर पुष्कळ ओरखडे काढले आहेत. त्यांतले किती कवच उघडणारे आणि किती नुसते वण ठेवणारे, याचा हिशेब आतां या वयांत मनाशीं मांडतों.

चोवीस बियांचें काय झालें, तें सांगून संपवितों. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पुतण्या, भाची, नात आणि मी असे चौघे ओसरीवर कांचकागद घेऊन बसलों. भाचीचा हात सर्वांत हलका, म्हणून पहिली बी तिनें घासली. सकाळीं पाण्यांत एकोणीस बिया फुगलेल्या होत्या. राहिलेल्या पांच पुन्हां घासल्या. आषाढांत चौदा रोपें वर आलीं. त्यांतलें एक जुन्या घराच्या परसांत, वडिलांचें झाड होतें त्याच जागीं, नातीच्या हातानें लावलें आहे. त्याला फुलें येण्यास अजून कित्येक वर्षें लागतील. मी तीं पाहीन न पाहीन. रस्त्यानें जाणारा कोणी तरी थांबेल, एवढें पुरे.